परक्याची ठेव : किमती गालिचे, जमखाने आणि घोंगड्यांच्या धुलाईविषयी

धुलाईच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “चौरस फुटाला किती घेता?” प्रश्न साधा आहे आणि विचारणाऱ्याची त्यात काही चूक नाही. सोफा, पडदे, फरशी यांचे दर तसेच सांगितले जातात. पण हाताने गाठी मारलेला गालिचा, जुना जमखाना किंवा आजोबांच्या काळातले घोंगडे यांचा दर जो न बघता फोनवर सांगतो, तो एक तर वस्तू ओळखत नाही किंवा तिचे पुढे काय होईल याची त्याला फिकीर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वस्तू आधी जमिनीवर अंथरावी, उलटी करावी, दशांपासून मधल्या भागापर्यंत हात फिरवावा, नाक लावून वास घ्यावा आणि मगच पैशांचे बोलावे. ही पुस्तिका बरीचशी त्या पाहणीविषयीच आहे. साबण कोणता, ब्रश कसा, पाणी किती, हे पुढच्या प्रकरणांत येईलच. पण धुलाई बिघडते ती बहुतेक वेळा हौदात नव्हे, हौदापर्यंत पोचण्याआधीच.

कणकुंबीत बसून गालिच्यांवर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल, म्हणून थोडे गावाविषयी. खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर हे गाव आहे. मलप्रभा इथे उगम पावते. म्हादईच्या पाण्याच्या वादामुळे कळसा नाल्याचे आणि त्याबरोबर कणकुंबीचे नाव वर्तमानपत्रांतून दूरवर गेले. पण इथल्या घरांतल्या माणसाला विचाराल तर तो आधी पावसाचे सांगेल. बेळगाव शहरात पडतो त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस ह्या डोंगरात पडतो. जून ते सप्टेंबर ढग घरात शिरलेले असतात, कपडे चुलीवर टांगलेल्या काठीवर वाळतात, पेटीतल्या चामड्याच्या वहाणेवर आठवड्यात पांढरी बुरशी येते. पायाला तांबडी माती, छपराला धूर, भिंतीला ओल, पेटीत कसर. लोकरीच्या आणि सुताच्या जाड विणीला जे जे म्हणून वैरी आहेत, ते सगळे इथे एका छपराखाली भेटतात. गालिचा कशाने मरतो हे शिकायचे असेल तर याहून चांगली शाळा नाही.

आणि ह्याच नदीच्या पाण्यावर पुढे जमखाना विणला जातो. मलप्रभा इथून पूर्वेला वाहत जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि कालव्यांनी धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदकडे वळते. पुढे ती कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. नवलगुंदचे जमखाने प्रसिद्ध आहेत, त्यांना भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळालेली आहे. तिथल्या मुसलमान घरांतल्या स्त्रिया उभ्या मागावर जाड सुताचे जमखाने विणतात. सोंगट्यांचा पट, मोर, भौमितिक चौकडे, आणि लाल, पिवळा, हिरवा, काळा असे एकमेकांशी भांडणारे रंग. विजापूरच्या आदिलशाहीच्या काळात ही कला तिकडून आली, असे तिथे सांगतात. विजापुरात आसार महालातले जुने गालिचे आजही राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे ह्या भागाला गालिचा नवा नाही हे तर उघडच आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज ह्या पट्ट्यातल्या जुन्या घरांत लग्नाच्या बैठकीला अंथरलेले जमखाने अजून माळ्यावर आहेत. गालिचा म्हणजे फक्त इराणचा किंवा काश्मीरचा, अशी समजूत असलेला धुलाईवाला असा जमखाना सतरंजीच्या भावात घेतो आणि सतरंजीसारखा भट्टीत टाकतो.

ह्या पट्ट्यात किमती म्हणता येतील अशा वस्तू येतात कुठून, हेही सांगितले पाहिजे. बेळगावात लष्कराची मोठी छावणी आहे आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रही तिथेच आहे. काश्मीरला नेमणूक झालेले जवान आणि अधिकारी तिथून गालिचे आणतात आणि निवृत्तीनंतर ते गावाकडच्या घरात येतात. सांगली, मिरज, जमखंडी, मुधोळ, सावंतवाडी, कोल्हापूर ही संस्थाने जवळच होती. त्या वाड्यांतून वाटण्या होत होत पसरलेले गालिचे आज साध्या फ्लॅटमध्येही सापडतात. काही येरवड्याच्या तुरुंगात विणलेले आहेत. इंग्रजी अमदानीत येरवडा, आग्रा, लाहोर इथल्या तुरुंगांतून कैद्यांकडून गालिचे विणून घेत आणि ते परदेशी प्रदर्शनांत मांडत. जॉर्ज बर्डवुडने १८८० साली भारतीय कलाकुसरीवरच्या आपल्या पुस्तकात ह्या तुरुंगी गालिच्यांवर आणि त्यांतल्या नव्या रासायनिक रंगांवर कडक टीका केली होती. तो टीका करत होता सौंदर्यासाठी, पण धुलाईवाल्याने ती दुसऱ्या कारणासाठी लक्षात ठेवावी. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधल्यानंतरच्या काही दशकांतले सुरुवातीचे रंग कच्चे होते. त्या काळातला जांभळा आणि लाल पाण्याचा थेंब पडताच शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. “शंभर वर्षं जुना आहे, रंग पक्का असणारच” हे वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडी नेहमी असते आणि ते खरे धरून चालता येत नाही.

आणि घोंगडी. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. चिकोडी-निपाणीच्या बाजूला धनगर आणि कुरुबर घरांतून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बाजारात तिची किंमत गालिच्याच्या मानाने किरकोळ. पण बिरोबाच्या नावाने घरात ठेवलेली, किंवा ज्या घोंगडीवर आजी बाळंत झाली ती घोंगडी जेव्हा कोणी आणून देतो, तेव्हा तिला मोल नाही असे म्हणणारा माणूस ह्या कामाला नालायक आहे. मी ह्या पुस्तिकेत घोंगडीला गालिच्याच्या बरोबरीने जागा दिली आहे, ती भावनेपोटी नव्हे. तिचे तंत्रही वेगळे आहे. लोकर मूळचीच काळी, रंगवलेली नाही, म्हणून रंग सुटण्याचे भय जवळजवळ नाही. भय आहे ते गरम पाण्याचे आणि घुसळण्याचे. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ऊब, ओल आणि घर्षण एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि घोंगडी आटून निम्मी होते. ती परत मोठी होत नाही. यंत्रात एकदा फिरवलेली घोंगडी फक्त बसकुरे कापायच्या उपयोगाची. शिवाय धुण्याने खळ जाते. तेव्हा “पूर्वीसारखी ताठ राहिली नाही” ही तक्रार येणार हे आधीच सांगावे, आणि पुन्हा खळ देणार असाल तर ते काम वेगळे धरावे.

आता त्या पाहणीकडे येतो.

वस्तू आली की पहिल्यांदा ती उलटी करावी. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागच्या बाजूलाही तितकीच स्पष्ट दिसते, आणि दशा म्हणजे त्याच्याच उभ्या धाग्यांची टोके असतात. मागे कापड चिकटवलेले असेल आणि दशा वरून शिवलेल्या असतील, तर तो टफ्टेड गालिचा. यंत्राच्या पिस्तुलाने धागे कापडात खोचायचे, मागून रबरी चीक लावायचा, वर अस्तर. प्रदर्शनांतून असे गालिचे ‘हातचे काम’ म्हणून मोठ्या किमतीला विकले जातात. पाच-दहा वर्षांत तो चीक सुकून भुगा व्हायला लागतो, आणि अशा गालिच्याला पाणी लागले की अस्तर सुटते, वास मारतो, कधी पिवळे डाग वर येतात. हे दुखणे धुण्याआधीपासूनच त्याच्यात असते, पण दिसते मात्र धुतल्यावर. म्हणून ते आधी दाखवायचे असते, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, मागचा भुगा त्याच्या हातावर घेऊन.

हाताने विणलेला असेल तर मागून एक चौरस इंच मोजावा. एक इंच आडव्या गाठी किती, उभ्या किती, दोन्हींचा गुणाकार. चौरस इंचाला २०० गाठी असलेला ९ बाय ६ फुटांचा गालिचा म्हणजे साडेपंधरा लाखांहून जास्त गाठी. दिवसाला आठ हजार गाठी मारणारा विणकर धरला तरी एकट्याचे सहा महिन्यांहून अधिक रोजचे काम. हा हिशेब मी नव्या मुलांना पहिल्या दिवशीच करायला लावतो. त्यानंतर त्यांचा ब्रश आपोआप हलका होतो.

मग धागा ओळखायचा. गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन लवेतले दोन-चार तंतू चिमट्यात धरून जाळावेत. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांनी चुरगळली तर लोकर किंवा खरे रेशीम. जळक्या कागदाचा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोज. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. यातले व्हिस्कोज फार फसवे आहे. ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा नावांनी ते विकले जाते, चमकते रेशमासारखे, पण ओले झाल्यावर त्याची निम्मी ताकद जाते, लव चपटी बसते, वाळल्यावर पिवळसर आणि खरखरीत होते. खऱ्या रेशमाला जितके जपायचे त्याहून जास्त ह्या नकली रेशमाला जपावे लागते. गिऱ्हाइकाने रेशमाचे पैसे दिलेले असतात, त्यामुळे ही बातमी देणे जड जाते. तरीही द्यावीच लागते, आणि हळू आवाजात, चारचौघांसमोर नव्हे.

तिसरी गोष्ट, रंग. पांढरे सुती फडके ओले करून प्रत्येक रंगावर वेगवेगळे ठेवावे, वर वजन ठेवावे, दहा-पंधरा मिनिटांनी उचलून पाहावे. एकदा साध्या पाण्याने, एकदा वापरणार असलेल्या साबणाच्या पाण्याने. नवलगुंदच्या जमखान्याचा लाल ह्या परीक्षेतून गेल्याशिवाय हौदाजवळ नेऊ नये. फडक्यावर रंग आला म्हणजे काम नाकारायचेच असे नाही, पण मग ते थंड आणि किंचित आंबट पाण्यातले, लवकर उरकायचे आणि लवकर वाळवायचे काम होते. त्याचा दर वेगळा.

चौथी, ताकद. एखादा कोपरा हलकेच दुमडून कानाशी न्यावा. कडकड आवाज आला तर आतले सूत कुजलेले आहे. कणकुंबी-आमगाव भागातल्या घरांतून आलेल्या वस्तूंत हे दुखणे सर्वांत जास्त. वरची लोकर शाबूत, रंग शाबूत, आणि आतला सुती ताणा वर्षानुवर्षांच्या ओलीने मातीमोल झालेला. असा गालिचा पाण्याने भरून उचलला की स्वतःच्याच वजनाने फाटतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प हाताला ओली न लागताही धरून ठेवते. म्हणूनच भिंतीलगत किंवा कुंडीखाली अंथरलेल्या गालिच्याच्या मालकाला खाली काय चालले आहे याचा पत्ताच नसतो. याच पाहणीत कसरही शोधायची. ती मधल्या वापरातल्या भागात नसते. कपाटाखाली, पलंगाखाली, कडेच्या घडीत, जिथे उजेड आणि झाडू पोचत नाही तिथे असते. मागून पाहिल्यावर गाठी दिसतात आणि पुढून त्याच जागी लव नसते, ती कसरीची खूण. कसर असलेली वस्तू दुसऱ्यांच्या वस्तूंत एक रात्रही ठेवू नये.

डागांविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, पण आपल्याकडच्या तीन डागांचा उल्लेख इथेच करतो, कारण दराशी त्यांचा थेट संबंध आहे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक बाईला ठाऊक असते आणि पगारी कामगाराला बहुधा नसते. पानाच्या डागात काथ आणि चुना दोन्ही असतात, आणि चुना लोकरीला बाधतो. तिसरा आमच्या तांबड्या मातीचा. जांभ्याची माती म्हणजे बारीक चिकणमाती आणि लोहाचा गंज. ती ओली केली की लोकरीच्या पोटात जाऊन बसते. ती पूर्ण वाळू द्यावी, उलट्या बाजूने झोडपावी, झटकावी, यंत्राने ओढून घ्यावी, आणि हे दोनदा करून मगच पाण्याचे नाव काढावे. कोरडी सफाई हा धुलाईचा निम्मा भाग आहे. तिचे पैसे लावायला लोक लाजतात, कारण त्यात ‘काही केले’ असे दिसत नाही. मी म्हणतो, ती वेगळी लिहावी आणि तिचे पैसे उघडपणे घ्यावेत. कुत्र्या-मांजरांच्या मुताविषयी तर गिऱ्हाइकाला स्पष्टच विचारावे. सुरुवातीला ते आम्ल असते, नंतर कुजून अमोनिया तयार होतो आणि रंगच बदलतो. तो डाग म्हणजे गेलेला रंग आहे, आणि गेलेला रंग धुण्याने परत येत नाही.

इथे कायदा काय म्हणतो ते सांगितले पाहिजे, कारण ह्या धंद्यातल्या फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. १८७२ चा भारतीय करार कायदा अजून लागू आहे आणि त्यात दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेण्याविषयी कलम १४८ पासून पुढे नियम आहेत. कलम १५१ म्हणते की तितक्याच किमतीच्या स्वतःच्या वस्तूची साधारण शहाणा माणूस जितकी काळजी घेईल, तितकी परक्याच्या वस्तूची घेतली पाहिजे. ती घेतली असेल आणि तरीही नुकसान झाले, तर वेगळा करार नसताना धुलाईवाला जबाबदार नाही, हे कलम १५२. कलम १५० गिऱ्हाइकाला बांधते : वस्तूत माहीत असलेला, धोक्याचा दोष त्याने आधी सांगितला पाहिजे. आणि कलम १७० प्रमाणे, ज्या वस्तूवर आपण मेहनत आणि कौशल्य खर्च केले ती, मजुरी मिळेपर्यंत राखून ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे. चार कलमे, आणि त्यांत आमच्या धंद्याचा जवळजवळ सगळा नीतिनियम आला.

पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटींवर पुष्कळांची भिस्त असते. ती खोटी आहे. ‘लिली व्हाइट’ नावाच्या लॉन्ड्रीचा खटला मद्रास उच्च न्यायालयासमोर आला होता, त्याचा निकाल १९६६ च्या विधिवृत्तांत छापलेला आहे. वस्तू हरवली तर बाजारभावाच्या फक्त १५ टक्के भरपाई मिळेल, अशी अट पावतीवर होती आणि धुवायला दिलेली नवी साडी हरवली होती. न्यायालयाने ती अट सार्वजनिक हिताच्या विरुद्ध ठरवली. अशा अटी मान्य केल्या तर वस्तू हरवणेच फायद्याचे ठरेल, एवढे साधे त्यामागचे तर्कशास्त्र आहे. तेव्हा छापील अटींनी अंग काढून घेता येत नाही. ज्याने खरोखर संरक्षण मिळते ती गोष्ट वेगळी : गिऱ्हाइकासमोर केलेली पाहणी, मराठीत किंवा कन्नडमध्ये त्याला वाचता येईल अशी लिहिलेली नोंद, चारही कोपऱ्यांचे आणि प्रत्येक दोषाचे फोटो, आणि त्याची सही. पुस्तिकेच्या शेवटी अशा नोंदीचा नमुना दिला आहे. तो फाडून छापायला द्यावा, त्यावर माझा काही हक्क नाही.

आता दर. वस्तूच्या किमतीवर टक्केवारीने दर लावण्याची पद्धत काही शहरांत रुजते आहे. मला ती मान्य नाही. दोन लाखांचा पक्क्या रंगाचा, धडधाकट काश्मिरी लोकरीचा गालिचा धुणे हे वीस हजारांच्या व्हिस्कोजपेक्षा कितीतरी सोपे काम आहे. दर कामाचा आणि जोखमीचा असावा. वस्तूची किंमत नोंदीत जरूर लिहावी, पण ती गिऱ्हाइकाने सांगितलेली म्हणून लिहावी. आपण मूल्यमापक होऊ नये. “हा किती जुना असेल हो?” ह्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देऊन धुलाईवाल्याने घराघरांत भांडणे लावलेली आहेत.

कामाचा हिशेब असा मांडावा. मापे दशा सोडून घ्यावीत, आणि मधोमध घ्यावीत, कारण हातचा गालिचा क्वचितच काटकोनात असतो. समजा ९ बाय ६ चा गालिचा, म्हणजे ५४ चौरस फूट. पाहणी, झटकणे, रंगपरीक्षा, धुणे, निथळणे, वाळवणे, लव विंचरणे, परत पाहणी यांची मजुरी, पाणी, वीज, साबण आणि जागेचे भाडे मिळून समजा २,००० रुपये पडले. ५४ ने भागले की चौरस फुटाला ३७ रुपये हा नुसता खर्च झाला. त्यावर आपली कमाई, आणि त्यावर काही कामे पुन्हा करावी लागतात त्यांचा वाटा. आता ३ बाय २ ची लहान जानमाज घ्या. ६ चौरस फूट, त्याच हिशेबाने २२२ रुपये. पण रंगपरीक्षेला आणि नोंदीला तिलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणून किमान आकार ठरवावाच लागतो आणि तो का आहे हे फळ्यावर लिहून ठेवावे. रेशीम, सुटणारे रंग, मूत, कसर, कुजका ताणा, दशांची दुरुस्ती यांचे जादा आकार वेगळ्या ओळीत दाखवावेत, एका गोळाबेरीज आकड्यात लपवू नयेत. दुसरा माणूस स्वस्त सांगतो म्हणून गिऱ्हाईक घासाघीस करते तेव्हा कापायची ती कमाई. रंगपरीक्षा किंवा वाळवण्याचे दिवस कापायचे नाहीत. स्वस्तात पडतो तो नेहमी वाळवण्यावर काटा मारून.

वाळवणे हे ह्या कामातले सर्वांत महाग आणि सर्वांत कमी दिसणारे अंग. ओल जितकी रेंगाळते तितके सुती ताण्यातले तपकिरी द्रव्य लवेच्या टोकाला आणि दशांत येऊन बसते. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला निमंत्रणच. म्हणून आमच्या डोंगरात पावसाळ्याचे चार महिने जाड वस्तू पाण्यात घालू नयेत, असे मी ठामपणे सांगतो. पंखे आणि हवेतली ओल शोषणारे यंत्र असलेली बंद खोली असेल तर गोष्ट निराळी. नसेल तर वस्तू कोरडी साफ करून, गोल गुंडाळून, सुती कापडात बांधून, जमिनीपासून उंच ठेवावी आणि दिवाळीनंतरची तारीख द्यावी. घडी कधीच घालू नये, घडीवर ताणा तुटतो. प्लास्टिकमध्ये बांधू नये. वाळवतानाही कडक उन्हात नव्हे, सावलीत, वारा खेळता राहील असे, सपाट. गिऱ्हाईक म्हणते, “काका, गणपतीला पाहिजे की हो!” गणपतीसाठी सतरंजी भाड्याने मिळते, असे सांगून त्यांना परत पाठवण्याचे धैर्य हवे.

पाण्याविषयी एक गोष्ट. घाटमाथ्यावरचे पाणी मऊ आहे, साबण चटकन फेसाळतो आणि चटकन निघतो. पूर्वेकडे, निपाणी-चिकोडीच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, तिथे साबणाचा थर लवेत राहतो आणि महिन्याभरात गालिचा पुन्हा मळका दिसू लागतो. तिकडच्यांनी शेवटचे पाणी साठवलेल्या पावसाचे किंवा गाळून मऊ केलेले वापरावे. लोकरीला धुण्याचा सोडा कुठल्याच पाण्यात चालत नाही, आणि कपडे पांढरे करणारे ब्लीच तर लोकर चक्क विरघळवते. रिठ्याचे पाणी मात्र घोंगडीला अजूनही उत्तम.

शेवटी नाकारण्याविषयी, कारण नव्या माणसाला सर्वांत अवघड तेच जाते. संग्रहालयाच्या तोलाची वस्तू, खूप जुना तुकडा, ज्याचा ताणा हाताला लागतो आहे असा गालिचा आला, तर आपण तो घेऊ नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचे केंद्र आहे, तिथल्या जाणकारांचा सल्ला घ्यायला गिऱ्हाइकाला सांगावे आणि पाहणीचे पैसेही घेऊ नयेत. जो धुलाईवाला वर्षातून काही कामे परत पाठवत नाही, त्याच्याकडे माझी वस्तू मी देणार नाही.

ही पुस्तिका वाचणारे दोन प्रकारचे असतील. काही जण धंद्यातले, काही जण घरात एखादा गालिचा किंवा घोंगडी असलेले. धंद्यातल्यांनी ती कोरडी वाचू नये, शेजारी एक जुना गालिचा उलटा अंथरून वाचावी. आणि घरातल्यांना विनंती अशी : वस्तू देताना काही लपवू नका. कुत्र्याने काय केले, कोणी घरी काय चोळून पाहिले, माळ्यावर किती वर्षे होती, सगळे सांगा. दर विचारण्याआधी आमच्यासमोर ती उलटी करायला लावा, आणि जो उलटी करून न बघताच आकडा सांगेल त्याच्याकडून तशीच घरी परत न्या.